टिपण

दिघोरी नाका सोडला की मी काच खाली करते.
सव्वासहा. डिकीत पाण्याची कॅन, तिपाई,
कुंदानं बांधून दिलेली फोडणीची पोळी;
कॅमेरा मात्र शेजारच्या सीटवर, पट्टा लावून,
माणसासारखा.

एकतीस वर्षं मी ही गावं कपाटात पाहिली.
भूमापन कचेरी, दुसरा मजला, उत्तरेच्या खिडक्या.
उमरेड कपाट चारमध्ये. भिवापूर पाचात.
पवनी नंतर, भंडाऱ्याच्या बदलीत,
इतक्या वरच्या फळीवर की स्टूल लागायचं.
ओढा म्हणजे निळी रेघ, बांध म्हणजे काळी,
देऊळ म्हणजे नखाएवढा त्रिकोण.
आम्ही त्याला टिपण म्हणायचो.
टिपणात सावली काढायची पद्धत नाही.

आता पेन्शन, आणि सावल्या.

उमरेडला विणकरांच्या गल्लीत दारं एवढी ठेंगणी
की आत शिरताना नमस्कार आपोआप होतो.
माग थांबलेले. एका खिडकीत रिकाम्या कांड्यांची परडी,
तिच्यात मांजर.
मागे आभाळाला टेकलेला कोळशाच्या खाणीचा ढिगारा.
तो चौकटीबाहेर जावा म्हणून मी गुडघ्यावर बसते,
डावीकडे सरकते, आणखी खाली होते,
मग उठते. राहू दे.

भिवापूरला रस्त्याच्या कडेनं मिरची वाळत घातलेली.
पहिले सात फोटो शिंकांनी हलले.
आठव्याला डोक्यावर पदर घेतलेली एक जण विचारते,
"फोटोत ठसका येते का वो बाई?"

पळस उजवीकडे, पळस डावीकडे;
त्यांच्यासाठी गाडी थांबवत नाही.
त्यांचे फोटो सगळ्यांकडे असतात.

पवनीची वेस गाठेस्तोवर अकरा झाले.
ऊन सपाट. काळ्या दगडाचे खळगे बुजून गेलेले.
पहाटेच यायला हवं होतं, वैनगंगेकडून उजेड येताना.
तरी तिपाई उभी केली.
तटाला पाठ लावून बांधलेल्या घरातून
बनियनवर एक म्हातारे बाहेर आले, बराच वेळ बघत राहिले.

"मोजणीले आल्या काय मॅडम?"
"नाही हो. फोटो काढते. हौस."
"मोजणीवालेबी पहिले फोटोच काढते."

नाव डोमाजी धकाते. आत गेले, पिशवी घेऊन आले,
पिशवीत पिशवी, तिच्यात कागद,
घड्यांवर विरून आरपार दिसणारा.
"याचा काढा. फाटून राह्यला."
खाटेवर पसरला. मी वाकले.

वेस: दोन रेघा.
घर: चौकोन, भिंतीला जाडी नाही.
उत्तरेचा बाण बरोबर.
खाली "तपासणार", आणि त्यापुढे
वळणदार 'व' घातलेली ती सही,
जो 'व' मी पुढं कंटाळून साधा केला.

"विहीर कुठी आहे याच्यात, सांगा बरं?
बापानं खोदली. गोड पाणी.
सही करनारी बाई इकडं आलीच नाही कधी."

मी काही बोलले नाही.
कॅमेऱ्यात उजेड थोडा वाढवला.
नदीकडून वारा आला, कागद फडफडला,
तसा त्यांनी अंगठा दाबला कोपऱ्यावर,
नेमका माझ्या नावावर.
नख जाड, पिवळं, मधोमध चिरलेलं.
बाजूला घ्या म्हणायला तोंड उघडलं होतं.
तसाच काढला. सगळ्या दिवसात तोच एक
धारदार आलाय.

मग म्हणाले, चला, विहीर पाहून घ्या,
आल्या आहात तर.
ते पुढं, मी मागं, कॅमेरा गळ्यात.
केळीच्या खुंटावरून, तुटक्या दगडी पाट्यावरून,
उंबऱ्यापासून ईशान्येला
चोवीस पावलं.

सवयीनं मोजली.